दोनशे सतरा नंबरचा फॉर्म

मुलीने ती गोष्ट फक्त भावाला सांगितली, तीही शनिवारी फोनवर, आणि तिथेच चुकलं. भावाच्या पोटात काही राहत नाही. रविवारी सकाळी तो बापाच्या घराचा जिना चढत होता तेव्हा त्याचा चेहरा बघून बायकोने विचारलं, "काय झालंय? दाढ दुखतेय का?"

"काही नाही."

"तुमचं काही नाही म्हणजे बरंच काही असतं."

त्याने झोपलेली पोर खांद्यावर सरकवली आणि बेल दाबली.

आई गेल्यापासून महिन्याच्या शेवटच्या रविवारी सगळे बाबांकडे जेवायला जमत. हा अकरावा रविवार. बाबा स्वतः स्वयंपाक करत आणि कुणाला ओट्याजवळ येऊ देत नसत. आईच्या आजारपणात ते हे सगळं शिकले होते. जन्मभर लिफ्टची दुरुस्ती केलेला माणूस, त्यामुळे शिकलेही तसेच. न्हाणीघराच्या दारावर लिफ्ट कंपनीचं जुनं देखभाल पत्रक चिकटवलेलं होतं. तेल, दोर, ब्रेक असे छापील रकाने होते, त्यावर काट मारून बाबांनी औषधांची नावं लिहिली होती आणि रोजच्या रोज बरोबरच्या खुणा केल्या होत्या. चौदा महिन्यांत एकही खूण चुकलेली नव्हती. ते पत्रक अजून तिथेच होतं. कुणी काढलं नव्हतं.

मुलगी आधीच आली होती. ती आतल्या खोलीत उभी होती आणि तिची ऑफिसची पिशवी तिने काखेत धरली होती, खाली ठेवलीच नव्हती. भाऊ पोरीला पलंगावर झोपवायच्या निमित्ताने आत गेला.

"आणलास?" त्याने विचारलं.

"हळू बोल."

"ताई, फाडून टाक. आत्ताच्या आत्ता. मी काडेपेटी आणतो."

"चारशे बारा फॉर्म आहेत. एक कमी झाला तर मॅडमना उद्याच कळेल."

"मग कळू दे. हरवला म्हण. कागद हरवत नाहीत का?"

"मी वाचायलाच नको होता. ओळखीच्या माणसाचा फॉर्म हातात आला तर पाकिटात घालून मॅडमकडे द्यायचा, असा नियम आहे. मी तीनदा वाचला आणि घरी घेऊन आले. नोकरी गेली तर जाऊ दे, पण फाडणार नाही मी."

"बाबांना कळलं तर मरतील ते."

सून पोरीचं दुपटं घेऊन दारात उभी होती. तिने एवढंच ऐकलं आणि तिला वाटलं, बाबांना काहीतरी मोठा आजार निघालाय. ती स्वयंपाकघरात गेली तर बाबा झाऱ्याने बटाटे परतत होते, चांगले ठणठणीत. तिने त्यांच्याकडे दोनदा निरखून पाहिलं.

"काय बघतेस? मीठ घातलंय," बाबा म्हणाले.

मावशी सगळ्यात शेवटी आली. आईची धाकटी बहीण, एकटी, शिवणाचे वर्ग चालवणारी, तोंडाने फटकळ. आल्या आल्या तिने सगळ्यांची तोंडं पाहिली आणि गप्प बसली. मावशी गप्प बसली हे खरं तर कुणाच्या तरी लक्षात यायला हवं होतं.

जेवताना बाबांनी नेहमीप्रमाणे मुलीच्या कामाचा विषय काढला. मुलगी ज्या संस्थेत होती तिथे सध्या एकच काम चाललं होतं. घटस्फोटाचा विचार करणाऱ्या माणसाने अर्ज करायच्या आधी एका माहिती बैठकीला यायचं, असा नियम तीन वर्षांपूर्वी निघाला होता. तासभराची बैठक. नवऱ्याने वेगळं यायचं, बायकोने वेगळं. तिथे मुलांचं काय, घराचं काय, कायदा काय, सल्ला कुठे मिळेल, हे सांगतात. वेगळं व्हा असंही म्हणत नाहीत, होऊ नका असंही म्हणत नाहीत. त्याच दिवशी एक फॉर्म भरून घ्यायचा, तीन महिन्यांनी दुसरा, वर्षाने फोन. या बैठकांचा लोकांना काही उपयोग होतो का, हे आता मुलगी त्या फॉर्मवरून तपासत होती.

"म्हणजे लग्न मोडायची शिकवणी," बाबा म्हणाले. "आणि आमची मुलगी त्या शिकवणीची परीक्षक."

"बाबा, जेवा ना," मुलगा म्हणाला.

"जेवतोयच की. चहा देतात का गं तिथे?"

"देतात," मुलगी म्हणाली.

"मग चांगला देत जा. माणूस बायकोवर चिडून येतो तो निम्मा चहासाठीच चिडलेला असतो. कपभर पोटात गेला की जाईल घरी."

सून हसली. एरवी मावशीही हसली असती. आज ती ताटातला घास नुसता फिरवत होती.

"तुझ्या रिपोर्टात लिही," बाबा म्हणाले, "अडतीस वर्षं संसार केलेला एक माणूस आहे, त्याला विचारा. बैठक नाही, फॉर्म नाही. आमचं कधी भांडणसुद्धा झालं नाही. हिला विचारलं असतंस तर हिनेही हेच..."

"आई आली होती, बाबा."

मुलीने हे मोठ्याने म्हटलं नव्हतं. भाऊ एवढंच म्हणाला, "ताई!" आणि त्याचा हात लागून पाण्याचा पेला कलंडला. पाणी टेबलावरून सुनेच्या मांडीवर आलं, पण ती हलली नाही.

"कुठे आली होती?" बाबांनी विचारलं.

"बैठकीला."

"कसल्या? मदतीला? तुमच्याकडे लिहायला बाई हवी होती का?"

"नाही, बाबा. मी तेव्हा तिथे नव्हतेच. तीन वर्षं होतील आता. ती स्वतःसाठी आली होती. एकटी."

बाबांनी घास तोंडात घातला होता. तो त्यांनी चावला, गिळला, पाणी प्यायले. मग पेला अगदी जपून जागेवर ठेवला.

"तुझी चूक होतेय," ते म्हणाले.

"नावं नसतात फॉर्मवर, नुसता नंबर असतो. पण अक्षर आईचं आहे. आणि तिने लिहिलंय, नवरा लिफ्टचं काम करतो, कुणी अडकलं की ताटावरून उठून जातो."

"लिफ्टचं काम करणारे छप्पन आहेत."

"ओळी संपल्या म्हणून कागद आडवा करून कडेने लिहिलंय. आईच तसं लिहायची."

हे मात्र खरं होतं. आई शाळेच्या कचेरीत होती आणि कोरा समास तिला बघवत नसे. किराण्याची यादीसुद्धा ती चारी बाजूंनी लिहायची.

"हे सगळं खोटं आहे," मुलगा म्हणाला. "आणि खरं असलं तरी काय? एका दिवशी चिडली असेल बिचारी. कोण चिडत नाही? त्याचा कुणी कागद करून ठेवतं का?"

"ती चिडली नव्हती," मावशी म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. मावशीने हात धुवायला उठायचं केलं आणि पुन्हा बसली. ही वेळ येऊ नये म्हणून ती अकरा महिने याच घरात प्रत्येक वाक्य तोलून बोलत होती. तिला आता एकदम दमल्यासारखं झालं.

"मी गेले होते तिच्याबरोबर. बाहेर बाकावर बसले होते. आत एकेकट्यालाच घेतात."

"तू?" बाबा म्हणाले. "धाकटे, तू?"

"हो, भावोजी."

"तूच भरवलं असशील तिच्या डोक्यात. स्वतःचं काही झालं नाही, म्हणून बहिणीचं..."

"बाबा," सून म्हणाली. या घरात तिने सासऱ्यांना असं कधी अडवलं नव्हतं. "मावशींना बोलू नका. आधी ऐकून घ्या."

मुलगा बायकोकडे बघतच राहिला. "तू कुणाच्या बाजूने आहेस?"

"आईंच्या. त्यांच्या बाजूने बोलायला इथे त्या नाहीत."

बाबांनी मुलीपुढे हात केला. "दाखव."

"मी वाचते. तुमचा चष्मा आत आहे."

तिने पिशवीतून कागद काढला आणि वाचायला लागली. "बैठकीला का आलात? घरात कुणी वाईट नाही. मारहाण नाही, दारू नाही..."

"मग?" बाबा म्हणाले. "मग कशाला?"

"...नवरा लिफ्टचं काम करतो..."

"ते झालं. पुढे."

"अडतीस वर्षांत मला कुणी..."

"अडतीस कसली? तेव्हा पस्तीस झाली होती."

"पस्तीसच लिहिलंय बाबा, माझं चुकलं. पस्तीस वर्षांत मला कुणी..."

"निकाल काय लागला ते सांग. शेवटी काय लिहिलंय?"

मुलीने पहिला कागद खाली ठेवला आणि दुसरा घेतला, तीन महिन्यांनंतरचा. "जोडीदार बैठकीला आला का? नसल्यास कारण. तिने लिहिलंय: लिफाफा त्यांच्या नावाने आला. मी मुद्दाम त्यांच्या ताटाशेजारी ठेवला. त्यांनी न उघडता माझ्याकडे दिला. म्हणाले, कसली तरी बैठक दिसतेय, तूच जाऊन ये, मला काय कळतंय त्यातलं."

मुलाने मान खाली घातली. त्या घरातले सगळे लिफाफे आईच उघडत असे हे त्यालाही ठाऊक होतं. वीज, पाणी, शाळा, बँक, लग्नपत्रिकासुद्धा. बाबांच्या नावाचं पत्र आलं की ते दोन बोटांनी धरून तिच्याकडे द्यायचे आणि ती वाचून दोन वाक्यांत सांगायची.

बाबा आठवत होते. आठवण्यासाठी त्यांना फार लांब जावं लागलं नाही. फिकट पिवळा लिफाफा होता. वर फक्त 'माहिती बैठकीचे निमंत्रण' असं छापलेलं, कशाची ते नव्हतं. सोसायटीची असेल असं त्यांना वाटलं होतं, नाहीतर गॅसची. तिने लिफाफा हातात घेतला होता आणि थोडा वेळ तशीच उभी होती. त्यांनी तिला विचारलंही होतं. काय विचारलं होतं? भाजी आणखी आहे का, असं.

"पुढे," ते म्हणाले.

"आता काय ठरवलं आहे? चार चौकोन असतात. वेगळं व्हायचं, एकत्र राहायचं, ठरलं नाही, सांगायचं नाही."

"कुठल्यात?"

मावशी म्हणाली, "पहिल्यात."

"तुला काय माहीत?"

"माझ्या गल्लीत खोली बघितली होती तिने, भावोजी. पडदे मीच शिवले. निळे. अजून आहेत माझ्याकडे घडी घालून."

बाबा खुर्चीत मागे टेकले. आत पोर झोपेत कुरकुरली आणि पुन्हा शांत झाली.

"मग गेली का नाही?" त्यांनी विचारलं.

"कडेने लिहिलंय," मुलगी म्हणाली. "सुनेला दिवस गेले आहेत. बाळ तीन महिन्यांचं झालं की निघेन."

सुनेने तोंडावर हात धरला. बाळंतपणानंतर सासूबाई तिच्याकडे राहायला आल्या तेव्हा पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, तीन महिने मी आहे, शिकून घे सगळं, पुढे तुझं तू. तिला ते तोडून बोलल्यासारखं वाटलं होतं. तिने माहेरी फोन करून तक्रारसुद्धा केली होती. आणि बाळ दोन महिन्यांचं असताना आईंच्या पाठीत दुखायला लागलं. तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरांनी सगळ्यांना आत बोलावून खुर्च्या दिल्या.

"म्हणजे आजारी पडली म्हणून राहिली," बाबा म्हणाले. "धाकटे, खरं सांग. माझ्यासाठी राहिली नाही."

मावशीला खोटं बोलता आलं असतं. मुलगा डोळ्यांनी तिला तेच विनवत होता. पण बाबा तिच्याकडे सरळ बघत होते, आणि एवढ्या वर्षांत या माणसाने तिला सरळ असा प्रश्न पहिल्यांदाच विचारला होता.

"तिला जिना उतरता येईना, भावोजी. म्हणून राहिली."

"आणि नंतर? ते चौदा महिने? मी तिला भरवत होतो, न्हाऊ घालत होतो. तेव्हा काही म्हणाली?"

"ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही. माझी हिंमत झाली नाही."

"वर्षाने फोन करतात म्हणालीस," बाबा मुलीकडे वळले. घाईने वळले. "ते असेल. त्यात असेल तिने सांगितलेलं."

मुलीने फॉर्मची मागची बाजू उलटली. हे तिने भावालाही सांगितलं नव्हतं. "फोन केलेल्या बाईने लिहिलंय: फोन पतीने घेतला. ती झोपलीय, काही विकायचं असेल तर नको, असं म्हणाले. नियमाप्रमाणे ओळख न देता फोन ठेवला. पुन्हा केला नाही."

"मी तिला उठवलं नाही," बाबा म्हणाले. "तिला कधी नव्हे ती झोप लागली होती."

हे ते कुणाला सांगत होते कळत नव्हतं. मुलगा उठला, बापाच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला आणि त्याने त्यांच्या खांद्यांवर हात ठेवले.

"झालं ना तुझं समाधान?" तो बहिणीला म्हणाला. "आता दे तो कागद. बाबा, तुम्ही सांगा तिला. तुमच्या एका शब्दावर फाडेल ती. आईने तुमच्याबद्दल असं लिहिलेलं परक्या लोकांनी का वाचायचं? रिपोर्टात आकडा होऊन का पडायचं तिने?"

"नियमानेही तो बाजूलाच काढतील," मुलगी म्हणाली. "मी मॅडमना सांगितलं की हा माझ्या आईचा आहे, तर माझ्या हातून मोजला जाणार नाही. दुसरं कुणी मोजेल, किंवा काढून टाकतील. मी सांगितलंच नाही तर मोजला जाईल, पण ती लबाडी होईल. बाबा, मी उद्या काय करू?"

मुलगा म्हणाला, "फाड."

मावशी म्हणाली, "असू दे आपल्यातच. माझ्याकडे दे, पडद्यांबरोबर ठेवते."

सून म्हणाली, "आईंनी तो आपल्याला लिहिला नव्हता. ज्यांना लिहिला त्यांना द्या."

बाबांनी खांद्यांवरचे मुलाचे हात बाजूला केले. "मॅडमना खरं सांग," ते म्हणाले. "नोकरीचं जे व्हायचं ते होईल. आणि म्हणावं, दुसऱ्या कुणाकडून मोजून घ्या, पण मोजा. काढून टाकायचा नाही. तिच्या नवऱ्याने सांगितलंय म्हणावं."

"बाबा, लोक हसतील."

"नाव कुठे आहे त्यावर? आणि हसले तर हसू देत." मग त्यांनी मुलीला विचारलं, "जो आला नाही, त्याला तुम्ही काही विचारत नाही का?"

"एक फॉर्म असतो. एकच पान. निमंत्रणाच्या लिफाफ्यातच जातो. फारसं कुणी परत पाठवत नाही. आत्तापर्यंत एकोणीस आलेत."

"आहे तुझ्याकडे?"

"कोरा आहे. पण बाबा, मुदत केव्हाच संपली."

"चष्मा आण माझा."

सुनेने चष्मा आणला. मुलीने ताटं सारून जागा केली आणि ओलं टेबल पदराने पुसलं. बाबांनी फॉर्म दोन्ही हातांनी धरून आधी पूर्ण वाचला, मागची कोरी बाजूसुद्धा उलटून पाहिली. मग पेन घेतलं. त्यांचं अक्षर मोठं होतं, मशीनवर खडूने लिहिणाऱ्याचं. बैठकीचं पत्र मिळालं होतं का, यापुढे त्यांनी हो लिहिलं. न येण्याचं कारण, यापुढे लिहिलं: लिफाफा उघडला नाही. जेवत होतो.

तिसऱ्या प्रश्नापाशी ते थांबले. बैठक कशाची आहे हे कळलं असतं, तर तुम्ही आला असता का? पुढे दोन चौकोन होते.

"हो करा ना, बाबा," मुलगा म्हणाला. "तुम्ही गेलाच असता. आम्हाला माहीत नाही का तुम्ही?"

"हे तेव्हाचं विचारतायत की आत्ताचं?"

"तेव्हाचं," मुलगी म्हणाली.

बाबांनी पेन टेकवलं आणि 'नाही'च्या चौकोनात खूण केली. पत्रकावर करायचे तशीच, नीट, एका दमात.

"बाबा!"

"हसलो असतो मी," बाबा म्हणाले. "लिफाफा उघडला असता, वाचला असता आणि हसलो असतो. मग मावशीला फोन करून म्हटलं असतं, तुझ्या बहिणीचं डोकं फिरलंय, दोन दिवस तुझ्याकडे घेऊन जा. होय की नाही, धाकटे?"

मावशीने मान हलवली. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं आणि ती ते पुसत नव्हती. मुलगा खिडकीपाशी गेला आणि सगळ्यांकडे पाठ करून उभा राहिला.

फॉर्मच्या वरच्या कोपऱ्यात जोडीदाराच्या नंबरसाठी जागा होती. बाबांनी मुलीकडून नंबर विचारून घेतला, दोनशे सतरा, आणि लिहिला. फॉर्म तिच्या हातात दिला. चष्मा काढायला त्यांनी हात वर नेला, पण काढला नाही. खुर्ची टेबलाजवळ ओढून घेतली.

"आता तिचा वाच," ते म्हणाले. "पहिल्या ओळीपासून. मी मधे बोलणार नाही."